एका वेलीचे वाटेकरी

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, चौथ्या दिवशी, मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा हा मजकूर. वक्ते भिलाईच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आपले जुने सभासद आहेत. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



मला 'निवृत्तीनंतरचा फावला वेळ' असा विषय दिला होता. मी सचिवांना म्हटलं, फावला वेळ मला मिळालाच नाही, तेव्हा त्यावर काय बोलू? मी बागेवर बोलतो. ते म्हणाले, फुलांची बाग? म्हटलं, नाही, भोपळ्याची. त्यांचा चेहरा जरा पडला, पण परवानगी मिळाली. तेव्हा आज भोपळा. आमच्या वर्ध्याकडे ह्याला कोहळं म्हणतात. पुण्याची मंडळी कोहळा म्हटलं की पेठ्याचा पांढरा समजतात, म्हणून सगळ्यांच्या सोयीसाठी लाल भोपळा म्हणतो.

मी १९८३ मध्ये नोकरीला लागून इथे आलो. भिलाईचा इतिहास तुम्हाला सांगायला नको. १९५५ मध्ये रशियाशी करार झाला, फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि भारताच्या कानाकोपऱ्यातून माणसं इथे येऊन पडली. आमच्या क्वार्टरच्या ओळीत अकरा घरं. एक टोक बंगाल, दुसरं टोक केरळ. मधे आंध्र, ओडिशा, पंजाब, बलिया जिल्हा आणि आम्ही दोन मराठी घरं. कारखान्यात सगळे एका भट्टीचे. घरी आलं की जो तो आपापल्या राज्यात. बायका एकमेकींकडे हळदीकुंकवाला, विजयादशमीला जात, पुरुष क्रिकेटपुरते एकत्र येत. भांडण नव्हतं, पण ओळखही 'अमुक डिपार्टमेंटवाले' एवढीच.

आमच्या आणि मागच्या ओळीच्या मधे साठ फूट बाय चाळीस फुटांची एक रिकामी जागा होती. तिथे गाजरगवत, फुटक्या कुंड्या, कुणाची तरी जुनी पलंगाची चौकट आणि पावसाळ्यात साप. २००६ च्या उन्हाळ्यात बलियाच्या मास्तरांच्या नातवाला तिथे विंचू चावला. पोरगं वाचलं, पण त्या रात्री आम्ही अकराही घरची माणसं पहिल्यांदा एकत्र बसलो. जागा साफ करायची हे ठरलं. साफ करून ठेवली तर पुन्हा गवत येणार, म्हणून काहीतरी लावायचं हेही ठरलं. टाउनशिपच्या कार्यालयात विचारून आलो. पक्कं बांधकाम करू नका, बाकी काय लावायचं ते लावा, असं तोंडी उत्तर मिळालं.

लावायचं म्हणजे काय, हे आम्हा इंजिनियर लोकांना ठाऊक होतं असं मुळीच समजू नका. पहिल्या पावसात आम्ही उत्साहाने बी टाकलं आणि काही म्हणजे काही आलं नाही. ती जमीन 'भाटा'. छत्तीसगडच्या शेतकऱ्याने मातीची चार नावं ठेवली आहेत: काळी भारी ती कन्हार, पिवळसर ती मटासी, दोन्हींच्या मधली डोरसा, आणि उंचावरची लाल मुरमाड ती भाटा. पाणी ओतलं की झिरपून जातं, धरून ठेवत नाही. हे ज्ञान आम्हाला कुठल्या पुस्तकातून मिळालं नाही. आमच्या ओळीत तीन घरी भांडी घासायला येणाऱ्या एका बाईंनी ते सांगितलं. सगळे त्यांना 'दाई' म्हणत. छत्तीसगडीत दाई म्हणजे आई. त्यांचे यजमान ठेकेदाराकडे मजूर होते आणि घर नाल्यापलीकडच्या बस्तीत.

दाई कमरेवर हात ठेवून आमची शेती बघत आणि पदराआड हसत. एक दिवस म्हणाल्या, आधी घुरवा करा. घुरवा म्हणजे उकिरडा, खताचा खड्डा. आम्ही जागा दाखवली, तर ती त्यांना पसंत पडली नाही. कुदळ स्वतः घेतली आणि झाडाच्या सावलीत, पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर पहिला खड्डा त्यांनी खणून दिला. अकरा घरांचा भाजीपाल्याचा कचरा, वाळलेली पानं, खटालातलं शेण असे थरावर थर, आणि वर मातीचा हात. चार महिन्यांनी जे खत निघालं त्याला वास नव्हता आणि मूठ दाबली की लाडू वळला जात होता. त्या खतावर आमची बाग उभी राहिली.

वाफे केले चार फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि आत पाय ठेवावा लागत नाही. प्रत्येक घराला एक वाफा, आणि कुंपणाकडची जागा वेलींसाठी सामाईक. मी झालो हिशेबनीस. एक रजिस्टर केलं. कुणी किती बी आणलं, पाण्याची पाळी कुणाची, सगळं त्यात. पहिल्या पानावर अकरा क्वार्टर नंबर आणि त्यापुढे अकरा नावं.

नळाखाली कायम ओल राहायची, तिथे सौ.ने अळू लावलं. ती माहेरची रत्नागिरीची, तिला अळवाशिवाय श्रावण म्हणजे मीठाशिवाय जेवण. पहिली पानं मोठी झाली आणि काय गंमत, सगळी ओळ तिथे उभी. बंगाली बौदी म्हणाल्या, ही तर कोचू. ओडिया शेजारी म्हणाले, सारू. केरळच्या चेची म्हणाल्या, चेंबू. दाई म्हणाल्या, कोचई, आणि ह्याचं आम्ही ईडहर करतो: उडदाची डाळ वाटून पानांना लावायची, गुंडाळी उकडायची आणि कापून आंबट कढीत सोडायची. बलियाच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, आमचं रिकवंच. आमची सौ. म्हणाली, मग माझी अळूवडी काय वेगळी आहे! डाळ वेगळी, पीठ वेगळं, पण पान गुंडाळायची रीत एकच आणि घशाला खाज येऊ नये म्हणून आंबट घालायचं शहाणपणही एकच. आम्ही चिंच घालतो, कुणी ताक. त्या रविवारी चार घरच्या गुंडाळ्या एका ताटात आल्या आणि कुठली कुणाची हे ओळखायची पैज लागली. मी हरलो.

आता भोपळा. दुसऱ्या वर्षी कुंपणावर वेल सोडला आणि तो असा पसरला की मागच्या ओळीच्या कपडे वाळवायच्या दोऱ्यांपर्यंत गेला. ते साल २००८. फुलं ढीगभर दिसायची, पण भोपळे धरेनात. मग माझ्या लक्षात आलं की सकाळी फुलं गायब असतात आणि कोवळे शेंडेही खुडलेले असतात. मी रजिस्टरमध्ये लिहिलं: 'चोरी होत आहे.' ओळीत चर्चा झाली. सगळ्यांची नजर नाल्याकडे वळली. बस्तीतली पोरं असणार, असं एकाने म्हटलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

पहारा करायचा ठरवून मी एका पहाटे साडेपाचला बागेत जाऊन बसलो. उजाडता उजाडता दाई आल्या. त्यांनी चपला बाहेर काढल्या, वेलीजवळ गेल्या, कोवळी पानं खुडून पदरात घेतली. मी उठलो आणि मोठ्याने म्हणालो, अच्छा, तो इतने दिन से तुम ही ले जा रही हो! आवाज माझा तुम्हाला माहीतच आहे, आयुष्य झोतभट्टीजवळ गेलं. खिडक्या उघडल्या. लोक बघायला लागले. दाई काही बोलल्या नाहीत. पदरातली भाजी वाफ्याच्या कडेला ठेवली, चपला घातल्या आणि गेल्या. त्या दिवशी तिन्ही घरची भांडी तशीच पडली. दुसऱ्या दिवशीही.

त्या संध्याकाळी बौदी आमच्या दारात आल्या. हातात ताटली, त्यावर फडक्याखाली काहीतरी गरम. म्हणाल्या, दादा, फुलं मी घेते. रोज सकाळी. आमच्याकडे भोपळ्याचं फूल हीच भाजी, पिठात बुडवून तळतो. मला वाटलं, एवढी फुलं आहेत, तुम्ही लोक तर ती वायाच घालवता. ताटलीत तळलेली फुलंच होती. मागोमाग चेची म्हणाल्या, पानं मी पण घेते, त्याचं तोरन करते, खोबरं घालून. ओडिया शेजाऱ्यांनी खोकून घेतलं आणि सांगितलं, फुलं आमच्याही घरी येतात.

म्हणजे मंडळी, चोर चार होते. त्यातले तीन रजिस्टरमध्ये होते. जी चौथी होती, जिने पहिला खड्डा खणला होता, तिचं नाव माझ्या रजिस्टरमध्ये नव्हतंच. बाग 'सगळ्यांची' आहे असं मी सगळीकडे सांगत फिरायचो. पण 'सगळे' म्हणजे ज्यांना क्वार्टर नंबर आहे ते, हे मी न लिहिताच ठरवून टाकलं होतं. बौदींनी फूल तोडलं तर ती रीत, आणि दाईंनी पान तोडलं तर ती चोरी.

हे कळल्यावर मी लगेच त्यांच्याकडे गेलो का? नाही गेलो. लाज वाटत होती, आणि अधिकाऱ्याने बस्तीत जाऊन माफी मागायची म्हणजे कशी, ह्या विचारात दिवस जात होते. तेरा-चौदा दिवस गेले. गणपती बसले. दुसरा दिवस ऋषिपंचमी. आमच्याकडे त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. नांगर न चाललेल्या, हाताने खणलेल्या जमिनीतली भाजी लागते: अळू, भोपळा, दोडका, पडवळ, काकडी, सुरण, माठ. पूर्वी सौ. बाजारात विचारत फिरायची. त्या वर्षी पहिल्यांदा सगळी भाजी आमच्या बागेतून आली. ती भाजी निवडता निवडता सौ. म्हणाली, अहो, तुम्ही दाईंना बोललात तो दिवस कुठला होता माहीत आहे का? त्यांची कमरछठ होती.

इथे जन्म गेलेल्यांना कमरछठ ठाऊक आहे, नव्यांसाठी सांगतो. उत्तरेकडे हलषष्ठी म्हणतात ती हीच. जन्माष्टमीच्या दोन दिवस आधी येते. इथल्या बायका मुलांना आयुष्य मिळावं म्हणून उपास धरतात. त्या दिवशी नांगर फिरलेल्या जमिनीचं काहीही चालत नाही. तांदूळ खायचा तो पसहर, जो खाचरात, डबक्यात आपोआप उगवतो. दूध-दही म्हशीचं. आणि सोबत सहा प्रकारच्या भाज्या, त्याही नांगराविना आलेल्या. भोपळ्याला त्या मखना म्हणतात, त्याचा पाला त्या सहांत असतो.

म्हणजे कुदळीने खणलेली ती आमची बाग, दाईंच्या दृष्टीने त्या दिवशी ह्या परिसरातली सर्वांत शुद्ध जमीन होती. म्हणूनच चपला बाहेर काढल्या होत्या. पोरांच्या आयुष्यासाठी त्या दोन मुठी पाला घ्यायला आल्या होत्या आणि मी त्यांना चोर म्हटलं. आणि पंधरा दिवसांच्या आत, त्याच जमिनीतली, त्याच नियमाची भाजी माझ्या घरी शिजत होती.

भाजी डब्यात भरून आम्ही दोघं नाल्यापलीकडे गेलो. दाई अंगणात होत्या. सौ.ने डबा पुढे केला आणि काय आहे ते सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो माझ्याबद्दल नव्हता. म्हणाल्या, नांगर तर नाही ना चालला? सौ. म्हणाली, नाही चालला, तुमच्याच हातची जमीन आहे. मग त्यांनी डबा घेतला. मी माफी मागितली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, मागूनच घेतली असती, पण तुम्ही लोक झोपला होता. आणि साहेब, उपासाच्या दिवशी म्हणालात. बस, एवढंच. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

दोन दिवसांनी डबा परत आला, त्यांच्या सुनेच्या हाती. घासून लख्ख केलेला आणि रिकामा नाही. आत ओंजळभर पसहर तांदूळ होता, लालसर, जाडा. कमरछठीचा उरलेला. सौ. तो डबा हातात धरून बराच वेळ उभी होती.

पुढच्या रविवारी बैठक झाली. रजिस्टरमध्ये बारावा वाफा लिहिला गेला, दाईंच्या नावाने. एक-दोघांची कुरकुर होती, मग उद्या सगळी बस्ती येईल वगैरे. सरदारजी म्हणाले, आली तर पाणी घालायला माणसं मिळतील, मे महिन्यात तुम्ही सगळे गावी पळता. मुद्दा बिनतोड होता. पंचेचाळीस डिग्रीत बाग जगवायची कुणी, हा आमचा दर वर्षीचा प्रश्न होता. दाईंनी वाफा घेतला, पण अट घातली: खणायचे पैसे घेणार नाही आणि कुणाच्या वाफ्यात फुकट खणणारही नाही. बरोबरीचं नातं कसं असतं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

भोपळ्याचा तंटाही मिटला, आणि तो शास्त्राने मिटला. नवीन बागवाल्यांनी हे लिहून घ्यावं. भोपळ्याच्या वेलीवर नर फुलं आणि मादी फुलं वेगळी असतात. नर फूल लांब बारीक देठावर असतं आणि आधी येतं, संख्येनेही जास्त. मादी फुलाच्या मागे गोट्यासारखा इवला भोपळा असतो. फुलं पहाटे उमलतात, मधमाश्या सकाळीच काम उरकतात आणि दुपारपर्यंत फूल मिटतं. बौदी उजाडण्याआधीच सगळी फुलं नेत होत्या, मग भोपळा धरणार कसा? तेव्हा पत्र्याच्या पाटीवर हिंदीत नियम लिहिले. मादी फुलाला हात लावायचा नाही. नर फुलं नऊनंतर तोडायची, तीही वेलीवर थोडी ठेवून. शेंडे खुडायचे तर वेल चांगला पसरल्यावर, त्याने उलट बाजूच्या फांद्या फुटतात. त्या वर्षी बौदींना फुलं मिळाली, चेचींना आणि दाईंना पानं, आणि दिवाळीपर्यंत आम्ही सतरा भोपळे उतरवले. एकाच वेलीवर पाच प्रांत जेवले आणि कुणाचंही कमी पडलं नाही. मधमाश्यांनाही त्यांचा वेळ मिळाला. पुढच्या वर्षांत ओणमच्या पानावर चेचींनी वाढलेली भोपळ्याची एरिशेरी मी खाल्ली आहे. आमच्या सौ.चे घारगे त्यांच्या घरी गेले आहेत.

मंडळी, सगळं गोड झालं असं सांगून मी टाळ्या घेणार नाही. टाउनशिपमधली माणसं साठाव्या वर्षी उठून जातात. बौदी कोलकात्याला गेल्या, चेची त्रिशूरला. जाताना दोघींनी बी नेलं. सरदारजी गेले, ते कायमचे. दाई २०१७ मध्ये वारल्या. मी २०१९ मध्ये निवृत्त झालो, लीजवरच्या घरात राहिलो. मुलगा पुण्याहून दर आठवड्याला फोन करतो, बाबा, आता इकडे या. २०२० च्या टाळेबंदीत त्याच बागेने आमच्या ओळीला आणि बस्तीतल्या काही घरांना भाजी पुरवली. त्यानंतर ओळीत नवीन तरुण बिऱ्हाडं आली. चांगली मुलं आहेत, पण शिफ्ट आणि मोबाइल ह्यांतून वेळ कमी. आज बारापैकी सात वाफे चालू आहेत. त्यातला सर्वांत हिरवा बारावा, दाईंच्या सुनेचा. रजिस्टर आता तिच्या मुलीकडे आहे. ती कॉलेजात शिकते आणि माझ्यापेक्षा अक्षर चांगलं काढते.

आता मंडळाकडे माझं मागणं. ह्या सभागृहामागे आपली जागा पडीक आहे. तिथे पुन्हा गाजरगवत वाढलं आहे, मी आज बघून आलो. दहा दिवसांचं निर्माल्य आपण टोपल्या भरभरून नेतो. हारातले दोरे, प्लास्टिक, चमकी वेगळी काढली तर बाकी सगळं खत आहे. पुढच्या जन्माष्टमीपर्यंत त्यावर वेल चढतील. दुर्वा, जास्वंद, आघाडा, तुळस, बाप्पाची बरीचशी पत्री तिथेच येईल. वाफे मराठी घरांना द्या, शेजाऱ्यांना द्या. पण त्याआधी मला एक सांगा: हे सभागृह दहा दिवस झाडतं कोण? महाप्रसादाची पातेली घासतं कोण? त्या घरांना पहिले वाफे द्या आणि रजिस्टरच्या पहिल्या पानावर त्यांची नावं लिहा. मी हे काम करायला तयार आहे. खत कसं करायचं ते मला शिकवलं गेलं आहे.

कमरछठीच्या आदल्या दिवशी रात्री आम्ही अजून बागेचं फाटक उघडं ठेवतो. पहाटे पलीकडच्या बायका येतात, चपला बाहेर काढतात, सहा भाज्या घेऊन जातात. आम्ही जागे असतो, पण बाहेर येत नाही. त्यांचा उपास असतो.

गणपती बाप्पा मोरया!